जुन्या गाडीचा वॉटर पंप पुन्हा बांधताना: आधी मापं, मग प्रेस

माझा पहिला वॉटर पंप (इंजिन गार ठेवणारं पाणी फिरवतो तो) मी अर्ध्या तासात उघडला आणि तो नीट बसायला तीन आठवडे गेले. उघडताना हब (पुली आणि पंखा ज्यावर बसतात तो पुढचा भाग) किती बाहेर आहे ते मोजलं नव्हतं, एवढंच कारण. नवं बेअरिंग बसलं, नवं सील (पाणी बेअरिंगकडे जाऊ न देणारा भाग) बसलं, पंप हातानं छान फिरत होता. इंजिन सुरू केलं आणि पट्टा किंचाळायला लागला. हब दोन मिलिमीटर जास्त आत गेला होता, त्यामुळे पुली बाकीच्या पुल्यांच्या रेषेतच नव्हती. हब ओढून बाहेर काढला तर त्याची पकड गेली. त्या ओढाताणीत इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) सरकला आणि नव्या सीलचं तोंड फुटलं. म्हणजे सगळं पहिल्यापासून.

त्यानंतर बरेच पंप बांधले. काम अवघड नाही, पण यात चूक झाली की ती नंतर दुरुस्त होत नाही, कारण जवळजवळ प्रत्येक भाग दाबून बसवलेला असतो. दाबलेला भाग परत काढला की त्याची पकड कमी होते.

एक गोष्ट आधीच सांगतो. तुमच्या इंजिनाचा चांगला नवा पंप सहज मिळत असेल तर तो घ्या आणि जुना जपून ठेवा. पंप बांधायचा तो नवा मिळत नसेल, किंवा मिळतो त्यात ओतीव इम्पेलरऐवजी पत्र्याचा पातळ इम्पेलर असेल आणि तुम्हाला मूळचाच हवा असेल, तेव्हा.

१. दोष पंपाचाच आहे ना?

गाडी तापली की संशय सगळ्यात आधी पंपावर जातो आणि बहुतेक वेळा चोर सोडून संन्याशाला फाशी होते. चोंदलेला रेडिएटर, अडकलेला थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व), सैल पट्टा, ढिलं पडलेलं रेडिएटरचं झाकण हे सगळं आधी तपासा.

पंपाची स्वतःची लक्षणं वेगळी असतात. पंपाच्या मानेखाली एक छोटं भोक असतं, त्याला वीप होल म्हणतात. तिथून थेंब पडत असतील किंवा तिथे वाळलेल्या कूलंटचा (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचा) पांढरा-हिरवा अथवा गंजट ओघळ दिसत असेल तर सील गेलं. इंजिन बंद करून पट्टा काढा, पंखा दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे आणि वर-खाली हलवा. डगडग जाणवली किंवा फिरवताना खरखर आली तर बेअरिंग गेलं. गळती नाही, आवाज नाही, तरी गाडी वेगात तापते आणि बाकी सगळं ठीक आहे, असं असेल तर इम्पेलरची पाती गंजून झिजली असण्याची किंवा इम्पेलर शाफ्टवर (पंपाच्या मधल्या दांड्यावर) घसरत असण्याची शक्यता धरा.

वीप होलमधून गळतंय म्हणून ते भोक एम-सीलनं बुजवणारे लोक मी पाहिलेत. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. सीलमधून निसटलेलं पाणी बेअरिंगपर्यंत पोहोचण्याआधी बाहेर पडावं यासाठीच ते असतं. ते बुजवलं की पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, ग्रीस धुऊन जातं आणि एक दिवस शाफ्ट पंख्यासकट रेडिएटरमध्ये घुसतो.

२. तुमचा पंप कोणत्या पद्धतीचा आहे?

सामान मागवण्याआधी हे ठरवा. ढोबळमानानं तीन प्रकार भेटतात.

सगळ्यात जुना प्रकार दोरीच्या पॅकिंगचा. शाफ्टभोवती ग्रॅफाइट लावलेली दोरी गुंडाळलेली असते आणि ती एका नटानं आवळलेली असते. जवळच ग्रीसची वाटी किंवा निपल असतं. या पंपात बेअरिंगऐवजी पितळी बुशसुद्धा असू शकतात. (त्याच्याही मागे गेलात तर पंपच नसलेल्या गाड्या आहेत. फोर्ड मॉडेल टीच्या अगदी सुरुवातीच्या गाड्यांना पंप होता, नंतर तो काढून टाकला आणि गरम पाणी वर चढतं, गार खाली येतं एवढ्यावरच इंजिन गार ठेवलं. तुमची गाडी तशी असेल तर हा लेख वाचून वेळ घालवू नका.)

दुसऱ्या प्रकारात दोन सुटे बॉल बेअरिंग, मध्ये नळी आणि ग्रीस निपल असतं. तिसरा आणि सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे शाफ्ट आणि बेअरिंग एकजीव असलेला. त्यात बेअरिंगची आतली कडी वेगळी नसतेच, गोळ्या थेट शाफ्टवर कोरलेल्या खाचेत फिरतात. पुढचं बहुतेक वर्णन या प्रकाराचं आहे.

३. काय काय लागेल

हत्यारं:
- हायड्रॉलिक प्रेस. मोठा व्हाइस कामचलाऊ चालतो, हातोडा अजिबात नाही
- दोन-तीन जबड्यांचा पुलर (घट्ट बसलेला भाग ओढून काढायला)
- व्हर्नियर, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), आणि शाफ्टचा व्यास मोजायला मायक्रोमीटर (उसना आणा, पण आणाच)
- वेगवेगळ्या व्यासाचे पाइपचे तुकडे किंवा जुने सॉकेट, दोन्ही टोकं काटकोनात कापलेले
- सपाट जाड काच

सुटे भाग:
- बेअरिंग-शाफ्ट, सील, गॅस्केट (पंप आणि इंजिनाच्या जोडात घालायचा पातळ थर). जमल्यास हब आणि इम्पेलरही
- पट्टा, थर्मोस्टॅट, नळ्या आणि त्यांचे क्लिप. एवढं उघडलंच आहे तर हे बदलून टाका
- नवं कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी

कागदपत्रं म्हणाल तर एकच: तुमच्या इंजिनाचं वर्कशॉप मॅन्युअल. मालकाला गाडीबरोबर मिळतं ते पातळ पुस्तक नव्हे, कारागिरांसाठी छापलेलं. हबची जागा आणि इम्पेलरची फट हे दोन आकडे त्यात असतात आणि सगळं काम त्या दोन आकड्यांवर उभं आहे.

४. गाडीवरून उतरवणं

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. रेडिएटरच्या झाकणावर ७ पीएसआय (दाबाचं माप) लिहिलं असेल तरी आतलं पाणी सुमारे १११ अंश सेल्सिअसपर्यंत न उकळता थांबलेलं असू शकतं, आणि झाकण उघडताच ते एकदम उकळून अंगावर येतं.

कूलंट उघड्या घमेल्यात काढून ठेवू नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, मांजरं-कुत्री ते चाटतात आणि मरतात.

पंपाचे बोल्ट बऱ्याचदा वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर पंपाची आकृती काढा आणि प्रत्येक बोल्ट काढला की त्याच जागी पुठ्ठ्यात खोचा. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर ब्लॉकला तडा जाऊ शकतो. पंख्याची पुढची बाजू खडूनं खूण करून ठेवा, कारण उलटा बसवलेला पंखा दिसायला जवळजवळ सारखाच दिसतो. काही गाड्यांत पंख्याच्या क्लचच्या नटाला उलटे आटे असतात. जोर लावण्याआधी मॅन्युअल बघा.

बोल्ट हलत नसेल तर मोडू नका. भेदक तेल घालून रात्रभर ठेवा, आजूबाजूची ओतीव बॉडी गरम करा, आणि सोडवताना थोडा आवळा, थोडा सोडवा असं पुढे-मागे करत न्या. मोडलेला बोल्ट काढायला जो दिवस जाईल त्यापेक्षा ही रात्र स्वस्त.

जुनी गॅस्केट कोरडी घासू नका. जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओली करून पात्यानं खरवडा आणि तो कचरा ओलाच पिशवीत बांधून टाका.

५. तीन मापं

या पायरीला वेळ द्या. इथे माझे तीन आठवडे गेले होते.

पंप गॅस्केटच्या बाजूनं काचेवर ठेवा. इम्पेलर बाहेर डोकावत असेल तर बॉडीखाली तीन सारख्या उंचीचे ठोकळे द्या आणि त्यांची उंची नंतर वजा करा.

पहिलं माप: गॅस्केटच्या पृष्ठभागापासून हबच्या पुढच्या तोंडापर्यंतची उंची. तीन ठिकाणी घ्या. तिन्ही आकडे वेगळे आले तर हब वाकलेला आहे.

दुसरं: इम्पेलरची पाठ गॅस्केटच्या पृष्ठभागापासून किती आत किंवा बाहेर आहे, आणि पाती व बॉडी यांच्यामधली फट. फट फीलर गेजनं मोजा.

तिसरं: बेअरिंगची बाहेरची कडी बॉडीच्या पुढच्या काठापासून किती आत आहे. बेअरिंग अडवणारा स्क्रू किंवा तारेचा क्लिप असेल तर तो कुठे आहे याचा फोटोही काढा.

तिन्ही आकडे कागदावर लिहा आणि मॅन्युअलशी ताडून बघा. तुमच्याआधी कुणीतरी हा पंप चुकीचा बांधलेला असू शकतो. दोन्हीत तफावत दिसली तर मॅन्युअलचं ऐका, आणि मॅन्युअल नसेल तर इंजिनावर पुली एका रेषेत येतात का ते सरळपट्टी लावून बघा.

६. उघडणं

आधी हब पुलरनं किंवा प्रेसवर काढा. मग अडवणारा स्क्रू किंवा क्लिप काढा. हा क्लिप गंजाखाली दडलेला असतो आणि लोक तो न काढताच प्रेस दाबतात. बॉडीचा कान मोडतो तो इथेच. प्रेसचा काटा चढतोय आणि काहीच सरकत नाही, असं झालं की थांबा आणि काय विसरलो ते शोधा.

नंतर इम्पेलर. ओतीव लोखंड दाबाखाली टिकतं, ओढलं की तुटतं. पुलरचे जबडे पात्यांच्या टोकाला न लावता बुंध्याजवळ लावा, बुंधा गरम करा, हळू ओढा. इम्पेलर दुसरा मिळणारच नसेल तर त्याला धोक्यात घालू नका. बॉडी आणि इम्पेलरच्या मधल्या जागेत बारीक चकतीनं शाफ्टच कापा, आणि उरलेला तुकडा प्रेसवर इम्पेलरमधून दाबून काढा. शाफ्ट तर नवाच येणार आहे.

शेवटी बेअरिंग पुढच्या बाजूला बाहेर येईल असं दाबून काढा आणि सील मागच्या बाजूला बाहेर येईल असं ठोकून काढा. ही दोन्ही टाकाऊ आहेत.

७. बॉडी तपासणं

बॉडी स्वच्छ धुवा. वीप होलमधून तार आरपार जाते का बघा. बेअरिंगच्या भोकात चकचकीत घासलेला पट्टा दिसला तर बाहेरची कडी बॉडीत फिरत होती असं समजा. ती बॉडी लेथवर बुश घालून वाचवता येते, पण नुसता डिंक लावून नाही.

सील बसतं त्या खोबणीत खड्डे असतील तर पाणी सीलच्या बाहेरून झिरपेल. छोटे खड्डे इपॉक्सीनं भरून सपाट करता येतात. गॅस्केटचा पृष्ठभाग काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून आठच्या आकड्यासारखा फिरवत घासा.

८. बेअरिंग बसवणं

नवं बेअरिंग धुऊ नका. त्यात कायमचं ग्रीस भरलेलं असतं. पेट्रोलनं स्वच्छ करून मग बसवलेलं बेअरिंग मी पाहिलंय, ते फार दिवस चाललं नाही.

शाफ्टचं लांब टोक कुठल्या बाजूला ते पक्कं करा. एका बाजूला गोळ्या आणि दुसऱ्या बाजूला रोलर असतील तर रोलरची बाजू सहसा पंख्याकडे असते, कारण पट्ट्याचा ताण तिथे येतो.

बॉडी गरम केली की काम सोपं होतं. ३० मिलिमीटर भोकाची ॲल्युमिनियमची बॉडी ८० अंशांनी तापवली तर भोक साधारण ०.०५५ मिमी मोठं होतं. ओतीव लोखंडात ते जेमतेम ०.०२५ मिमी. म्हणून ॲल्युमिनियमच्या बॉडीत बेअरिंग कधीकधी नुसतं अंगठ्यानं सरकतं, लोखंडीला प्रेस लागतोच. ओव्हन वापरा, उघडी ज्योत नको. बेअरिंग स्वतः गरम करायचं नाही, उलट तासभर फ्रीजरमध्ये ठेवलं तर चांगलंच.

दाबताना जोर फक्त बाहेरच्या कडीवर. पाइपचा तुकडा त्या कडीवरच टेकला पाहिजे. शाफ्टवर दाबलंत तर सगळा जोर गोळ्यांमधून जातो, खाचेत बारीक डाग पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी गुणगुणायला लागतं. तिसरं माप आलं की थांबा आणि क्लिप घाला.

९. हब

आता हिशेब उलटा. हब दाबताना शाफ्टच्या मागच्या टोकाला आधार द्या, बॉडीला नाही. बॉडी हवेत राहिली पाहिजे. पहिलं माप येईपर्यंत थोडं दाबा, मोजा, परत थोडं दाबा.

हब हातानं शाफ्टवर जात असेल तर तो वापरू नका. शाफ्टवर पंचानं खुणा उठवून पकड आणणं, चिकटवण्याचं रसायन घालणं, असे उपाय लोक सुचवतील. त्या हबवर पंखा आहे आणि पंख्यापुढे रेडिएटर आहे, एवढं लक्षात ठेवा.

१०. सील

पंपाचं आयुष्य इथे ठरतं. कार्बनची एक कडी स्प्रिंगच्या जोरावर सिरॅमिकच्या (जुन्या पंपांत थेट इम्पेलरच्या घासून गुळगुळीत केलेल्या) तोंडावर टेकलेली असते आणि ते तोंड तिच्यावर फिरतं. दोघांच्या मध्ये पाण्याचा अगदी पातळ थर असतो. तोच थर वंगण आणि तोच गारवा.

त्यामुळे दोन्ही तोंडांना बोट लावायचं नाही. तेल, ग्रीस, सीलंट काही नको. चुकून बोट लागलंच तर स्पिरिटनं पुसून वाळू द्या. रबर शाफ्टवरून सरकवायला साबणाचं पाणी पुरतं. रबरावर ग्रीस लावलं तर काही रबरं फुगतात.

मापांचा एक सापळा आहे. पाच अष्टमांश इंच म्हणजे १५.८७५ मिमी. बऱ्याच वॉटर पंप बेअरिंगांचा शाफ्ट १५.९१८ मिमी असतो. आणि दुकानदार १६ मिमीचं सील 'तेच आहे' म्हणून देतो. तिन्ही हातानं शाफ्टवर जातात, पण एकच घट्ट बसतं. मायक्रोमीटर उसना आणायला सांगितला तो यासाठी.

पितळी कवचाच्या बाहेरून सीलंटचा अगदी पुसट हात द्या. जास्त लावलंत तर ते आत ढकललं जाऊन वीप होलमध्ये साचतं. कवचाच्या बाहेरच्या कडेवर टेकणारा पाइप घेऊन सील एका सलग दाबात, सरळ बसवा. मधल्या कार्बनवर जोर आला की ते तडकतं आणि तो तडा डोळ्यांना दिसत नाही. मग वीप होलमध्ये परत एकदा तार घालून बघा.

मूळचं सील मिळत नसेल आणि सिरॅमिकच्या बैठकीचं नवं घालायचं असेल तर इम्पेलरमध्ये त्यासाठी खोबण कापावी लागते. ते लेथचं काम आहे. कारागिराला सील आणि बैठक हातात द्या आणि स्प्रिंग दबल्यावर सीलची उंची किती हवी तो आकडा सांगा. नुसता जुना इम्पेलर पाठवून 'जमवून द्या' म्हटलं तर तो अंदाजानं कापेल. जुना इम्पेलर सीलवरच घासत असेल तर त्याचं तोंड आरशासारखं असायला हवं. नखाला एकही रेघ जाणवता कामा नये.

पॅकिंगच्या दोरीचा पंप असेल तर यातलं काहीच नाही. दोरीच्या कड्या कापून घाला, जोड एकमेकांसमोर येऊ देऊ नका, नट हातानं आवळा आणि गाडी चालू असताना अधूनमधून एखादा थेंब पडू द्या. थेंब पूर्ण बंद होईपर्यंत आवळलंत तर दोरी शाफ्ट खाते.

११. इम्पेलर

आधार हबच्या बाजूच्या शाफ्टच्या टोकाला. हबच्या कडेला नाही, नाहीतर नऊवी पायरी वाया.

फट बऱ्याच जुन्या इंजिनांत साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर असते. मॅन्युअलचा आकडा हाती असेल तर तोच घ्या. फट मोठी ठेवली तर पाणी ढकललं जात नाही, लहान ठेवली तर तापल्यावर पाती घासतात. फीलर गेज पात्याखाली धरूनच दाबा आणि शेवटचा मिलिमीटर चार टप्प्यांत घ्या. जास्त आत गेलेला इम्पेलर मागे ओढला की सील गेलं असंच समजायचं.

काही इंजिनांत पाती पंपाच्या बॉडीसमोर नसून ब्लॉकच्या किंवा मागच्या झाकणासमोर फिरतात. तिथे फीलर गेज घालता येत नाही. मुलांच्या खेळण्यातली क्ले घ्या, पात्यांवर छोटे गोळे चिकटवा, गॅस्केट घालून पंप आवळा, परत काढा आणि दबलेल्या क्लेची जाडी मोजा.

१२. टेबलावरची चाचणी

पंपाची तोंडं पत्र्याच्या झाकणांनी आणि जुन्या गॅस्केटनी बंद करा, एका झाकणाला व्हॉल्व बसवा. बॉडी पाण्यानं काठोकाठ भरा आणि सायकलच्या पंपानं रेडिएटरच्या झाकणावर लिहिला आहे तेवढाच दाब द्या, जास्त नाही. आत हवा कमीत कमी राहिली पाहिजे, कारण दाबलेली हवा झाकण उडवते, पाणी तसं उडवत नाही. पंधरा मिनिटं ठेवा, मधे हब हातानं फिरवा. वीप होल कोरडं राहिलं तर पुढे जा.

पाणी न भरता पंप ड्रिलला लावून फिरवून बघायचा मोह आवरा. कोरडं सील काही क्षणांतच तापतं.

१३. गाडीवर परत

पाण्याच्या जागेत उघडणाऱ्या बोल्टांच्या आट्यांना सीलंट लावा. बोल्ट समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. पट्टा बसवल्यावर सर्वांत लांब भागाच्या मधोमध अंगठ्यानं दाबा, साधारण १२ मिमी वाकला पाहिजे. पट्टा किंचाळतो म्हणून आवळत राहणं हे नव्या बेअरिंगच्या मरणाचं सर्वांत सामान्य कारण. आधी पुल्यांची रेषा बघा.

कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. हे मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही, पण तुमच्याकडे बर्फ पडो न पडो, त्यातली गंजरोधक द्रव्यं पंपाला हवीच असतात. नुसतं नळाचं पाणी घालणाऱ्यांच्या पंपांचे इम्पेलर मी हातात घेऊन पाहिलेत, पाती बिस्किटासारखी मोडतात. जुन्या पितळी रेडिएटरला आणि शिशाच्या डागाला चालेल असंच कूलंट निवडा.

हीटरचा नळ उघडा ठेवून सावकाश भरा, वरची नळी हातानं दाबून हवेचे बुडबुडे काढा. झाकण न लावता इंजिन मंद चालवा, थर्मोस्टॅट उघडला की पातळी खाली जाईल, तेव्हा परत भरा आणि झाकण लावा.

पहिल्या तासाभरात वीप होलमधून दोन-चार थेंब येऊ शकतात, कार्बन आणि सिरॅमिक एकमेकांना जुळवून घेत असतात. वीप होलखाली पांढरा कागद ठेवून गाडी रात्रभर उभी करा. दुसऱ्या दिवशीही कागद ओला असेल तर आणखी चालवून काही होणार नाही, सीलच्या पायरीवर परत जा. कोरडा असेल तर शंभरेक किलोमीटरनंतर पट्ट्याचा ताण आणि बोल्ट पुन्हा तपासा. ती तीन मापं लिहिलेला कागद मॅन्युअलच्या त्याच पानात घालून ठेवा.